सहा नंबरच्या दारावरची सावली

मी वामनरावांच्या राइस मिलमधला जुना रेकॉर्डर बोलतोय. कॅमेरा नव्हे हं! कॅमेरे नुसते बघतात. बघितलेलं लक्षात ठेवायचं काम माझं. तरी लोक बोट दाखवतात कॅमेऱ्याकडे आणि मला म्हणतात डबा. असो. मी जन्माचा जळकुकडा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बल्लारपूरचं दुकान आणि तिथला बिलाल. सात वर्षांपूर्वी त्यानंच मला मोटारसायकलच्या सीटला बांधून सिंदेवाहीच्या अलीकडे या मिलमध्ये आणलं. माझ्या पाठीत सोळा कॅमेऱ्यांच्या वायरी खोचल्या आणि ऑफिसातल्या फळीवर बसवलं. खाली टेबलाशी नीलिमा बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लिहायच्या आणि स्क्रीनवर लक्ष ठेवायचं, हे तिचं काम. रोज सकाळी ती ओढणीच्या टोकानं मला पुसायची. मला वाटायचं, या मिलचा मालक मीच!

पण मिलमध्ये डोमा होता. वीस वर्षं पोती वाहणारा हमाल. पोत्याची शिवण बघून तो सांगायचा, हे धान कोणत्या गोदामातलं आणि कोणत्या गावचं. मी आलो त्याच दिवशी वामनराव बिलालला म्हणाले, "मशीन लाव बापा, पण आमचा खरा कॅमेरा म्हणजे हा डोमा." सगळे हसले. माझा मात्र तिळपापड झाला. सोळा डोळ्यांनी मी अख्खी मिल बघत होतो, आणि पोतं कमी पडलं की हाक कुणाला? तर "डोमाऽ, पाह्य बरं!"

माझ्यात एक खोट होती. आतला घड्याळाचा सेल मेला होता. लाइन गेली की माझं घड्याळ थांबायचं आणि लाइन आली की थांबलं तिथूनच पुढे चालायचं. सेल बदलायला कुणाला सवड नव्हती. नीलिमा मोबाइलमध्ये बघून मधूनमधून टाइम लावून द्यायची. कुणी काही शोधायला आलंच तर म्हणायची, "मशीनच्या टाइमात थोडं जोडून घ्या जी." सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतली गोष्ट. धानाचे दिवस. एके दिवशी सकाळभर लाइनचं ये-जा चाललं होतं, त्यातच मिलचा पट्टाही तुटला आणि दुपारनंतर काम बंद पडलं. दुसऱ्या दिवशी नीलिमानं आल्या आल्या माझं घड्याळ बरोबर केलं. तिसऱ्या दिवशी मोजणीत चार पोती कमी भरली.

मग मला उघडलं. सहा नंबरच्या कॅमेऱ्यात सापडलं. मागच्या गोदामाच्या दारातून एक माणूस दुपट्ट्यानं तोंड बांधून पोती टेम्पोत टाकतोय. वर टाइम, एक वाजून दहा मिनिटं. एक वाजता सगळे जेवायला घरी जातात. मागच्या गोदामात एकटा डोमा डबा खात असतो.

ऑफिसात गर्दी झाली. नीलिमा हळूच म्हणाली, "चाल त डोमाभाऊचीच दिसते."

"मी नाई भाऊ," डोमा म्हणाला. "मी जेवून राह्यलो होतो."

"कोणी पाह्यलं?" वामनरावांनी विचारलं.

कुणीच पाहिलं नव्हतं. डोमानं पोती ओढायचा आकडा टेबलावर ठेवला आणि निघून गेला. कुणीतरी माझ्यावर थाप मारली. "वा रे मशीन! वीस वर्षाचा चोर पकडला." वामनरावांनी ते रेकॉर्डिंग लॉक करायला सांगितलं. माझ्यातलं सगळं पंधरा दिवसांत पुसलं जातं, तेवढं कायमचं राहिलं.

मला ठाऊक होतं का? होतं. त्या दिवशी आपण तीन तास मागे होतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला बोलता येत नाही, हे खरं. पण येत असतं तरी मी बोललो नसतो. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे डोमाला सोडून माझ्याकडे बघत होते.

पुढे डोमा बांबू तोडायला जाऊ लागला. मिलसमोरून जायचा तो तोंड फिरवून. गेटच्या कॅमेऱ्यात मला दिसायची ती फक्त त्याची मान.

यंदा मिल वाढली. तीन नवी गोदामं, गाड्या तोलायचा नवा धरमकाटा, साठ कॅमेरे! रेकॉर्डर निवडायला पुन्हा बिलाल आला. घरात सवत आणताना पहिलीला कोण विचारतं? माझ्यासमोरच बोलणी चालली होती.

"भाऊ, पहिले कॅमेरे मोजा," बिलाल म्हणाला. "मंग रेकॉर्ड किती दिवसाचं ठेवाचं ते सांगा. त्यावरून हार्ड डिस्क ठरते. मशीन त्याच्यानंतर."

"हा जुना असू दे, बाजूले अजून दोन-तीन छोटे ठेव," वामनराव म्हणाले. मी फुशारलो. म्हणजे मी थोरला!

"चार डबे, चार जागी शोधाशोध. एकच चौसष्टवाला घ्या. आणि याचा टाइम लावा लागत नाई, नेटवरून सोताच मिळवून घेते."

हं! घड्याळ मिळवतो म्हणे! त्यात काय मोठं!

बिलालनं तो नवा काळा ठोकळा टेबलावर ठेवला. नीलिमानं त्याच्यावर बसलेली कोंड्याची धूळ पुसली. ओढणीनं! काय सांगू, माझा पंखा घरघरायला लागला.

"दोघाइचं चित्र बाजूबाजूले लावून पाहू," बिलाल म्हणाला. त्यानं सहा नंबरच्या जागी नवा कॅमेरा लावून नव्या मशीनला जोडला. वामनरावांनी मोठ्या तोऱ्यात मला सांगितलं... म्हणजे नीलिमाला सांगितलं, "जुन्यावर तो डोमावाला लाव."

मी खूश! माझी सगळ्यात मोठी कामगिरी सवतीच्या नाकासमोर चालणार होती.

एका स्क्रीनवर माझं ते तीन वर्षांपूर्वीचं गोदाम, धुरकट. दुसरीवर तेच गोदाम, आत्ताचं, चकचकीत. बिलाल फरक समजावत होता. नीलिमा मात्र एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे. मग उठून उभी राहिली.

"भाऊ, आता किती वाजले?"

"सव्वाचार. काऊन?" वामनराव म्हणाले.

"मिलच्या चिमणीची सावली पाहा. इथी दाराच्या मधोमध आहे." तिचं बोट माझ्या स्क्रीनवर आलं. "अन् इथीही मधोमध आहे. महिना तोच. एक वाजता त सावली दारावर येतच नाई."

नीलिमानं बोट तसंच स्क्रीनवर ठेवलं.

"त्या दिवशी लाइन सारखी जात होती. मशीन मागं पडलं होतं. टाइम मीच लावला दुसऱ्या दिवशी, अन् मीच विसरली." ती वामनरावांकडे वळली. "हे चारचं आहे भाऊ. चारले डोमाभाऊ कुठी होते?"

वामनरावांनी स्क्रीनवरची तारीख वाचली. मग म्हणाले, "माह्याच गाडीत. पट्टा आणाले मीच त्याले ब्रह्मपुरीले घेऊन गेलो होतो."

संध्याकाळी वामनराव आणि नीलिमा डोमाच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला नीलिमाच्या बोलण्यातून कळलं. कामावर चल म्हणाल्यावर डोमानं एकच अट घातली. "ज्याइनं ज्याइनं पाह्यलं, त्या सगळ्याइले बोलवा. त्याच मशीनवर दाखवा."

दुसऱ्या दिवशी मला शेवटचं चालू केलं. तीच गर्दी, तेच रेकॉर्डिंग. या वेळी नीलिमा सावलीवर बोट ठेवून बोलली. वामनरावांनी सगळ्यांसमोर डोमाचे हात धरले. "मी चुकलो डोमा." माझ्यावर थाप कुणी मारली नाही. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. खरं सांगू? तेव्हाही जळलोच मी. पण त्यात लाज जास्त होती.

डोमानं आकडा उचलला आणि मागच्या गोदामाकडे गेला.

आता मी कपाटावर आहे. वायरी काढल्यात. येत्या आठवड्यात बिलाल मला भंगारात नेईल. तुम्ही कधी असं मशीन घ्यायला गेलात तर कॅमेरे मोजा, दिवस मोजा, सगळं विचारा. पण मशीनमध्ये बघून एखाद्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून बघा. एवढी माझी विनवणी आहे.

आणि एक सल आहे, ती सांगून थांबतो. नीलिमा सांगत होती, आकडा उचलून परतला त्या दिवशी गोदामाच्या दारात डोमा थांबला, मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. ते हसू नव्या मशीनमध्ये आहे. नीलिमानं ते लॉक करून ठेवलंय. चार वर्षं मी त्याला रोज बघितलं, पण ते सगळं केव्हाच पुसलं गेलं. माझ्याकडे उरली ती दुपट्टा बांधलेल्या एका माणसाची पाठ, आणि तीही डोमाची नाही.