सतरावी नोंद

"घ्या हे पेन आणि लिहा तुमचं तुम्हीच," नोंदणी कचेरीतली बाई म्हणाली. "शिक्का मी मारते. बाकी सगळ्यांच्या पुस्तकात ही नोंद तुमच्याच अक्षरात आहे, कोण विचारणार आहे?"

तिने सेवापुस्तक खिडकीतून बाहेर सरकवलं आणि त्यावर पेन ठेवलं. टोपण चावून चावून चपटं झालेलं पेन. टाकने आधी पेनाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

टाक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पलटणीत तो कारकून होता. सगळे बॉलपेन वापरायला लागले तरी हा आपला दौतीत टाक बुडवून लिहायचा, म्हणून जवानांनी ठेवलेलं नाव. केस गेले, दात गेले, नाव तेवढं चिकटून राहिलं. माजी सैनिकांच्या संघातही सगळे त्याला टाकच म्हणत, आणि त्याच संघाने महिन्यापूर्वी त्याला पत्र पाठवलं होतं. कोणी एक उपटसुंभ दुकानातून विकत घेतलेली पदकं छातीवर लावून संचलनात मिरवताना सापडला, तेव्हापासून संघाने नियम केला होता. जे पदक सेवापुस्तकात नोंदलेलं नाही, ते स्मृतिदिनाच्या संचलनात लावायचं नाही. टाकच्या तीन पदकांपैकी दोनच पुस्तकात होती. मधलं, पुलाचं, नव्हतं. 'याबाबत खुलासा करावा,' असं चिटणीसाने लिहिलं होतं. खुलासा मागतो म्हणजे चोर समजतो, एवढं सरकारी मराठी टाकला समजत होतं. जन्मभर त्याने दुसरं लिहिलं तरी काय होतं?

आणि पुलाचं पदक हेच तर त्याचं पदक होतं. बाकीची दोन काय, ठरावीक वर्षं नोकरी केली की कोणालाही मिळतात. पलटणीने पूल अकरा दिवस धरून ठेवला तेव्हा हा कारकून टेबल सोडून गेला होता आणि स्ट्रेचरवरून जखमी वाहत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माणसं कमी पडली म्हणून गेला.

नोंद का राहिली ते त्याने बाईला पाऊण तास समजावलं होतं. यादी बेचाळीस जणांची. प्रत्येकाच्या पुस्तकात त्यानेच नोंद केली, अनुक्रमांक घालून. फक्त सतरावी केली नाही, कारण सतरावा तो स्वतः होता, आणि कारकुनाने स्वतःच्या पुस्तकात साधं टिंबही काढायचं नाही असा पलटणीचा कडक नियम. दोन कारकून असत. याचं पुस्तक तो लिहिणार, त्याचं हा. दुसरा कारकून त्याच आठवड्यात तापाने इस्पितळात गेला तो परत आलाच नाही, आणि पलटणही हलली. त्याच्या जागी आलेल्याने लिहिलं असेल, असं टाक धरून चालला. कपाटाची किल्ली त्याच्याच कमरेला होती, एकदा उघडून बघायचं तर बघता आलं असतं. पण आपलंच पुस्तक चाळत बसणारे कारकून त्याच्या डोक्यात जायचे. निवृत्तीपर्यंत त्याने ते उघडलं नाही. पुढे गोदामात पाणी शिरलं आणि मूळ यादीचा लगदा झाला. पदकावर नाव कोरायची पद्धत तेव्हा नव्हतीच.

"सोळावा आहे, अठरावा आहे," तो बाईला म्हणाला होता. "मग सतरावा कोण?"

"मेला असेल," बाई म्हणाली होती.

आणि आता तिने हे पेन पुढे केलं होतं. खरं तर तिच्या परीने ती मेहेरबानीच करत होती. तिला जेवायला जायचं होतं, मागे रांग वाढत होती, आणि हा म्हातारा तिसऱ्यांदा येऊन डोकं खात होता. टाकला मात्र तिने भर रांगेत थोबाडीत मारल्यासारखं वाटलं.

"मला लिहायचं असतं तर तेव्हाच लिहिलं नसतं का?" तो म्हणाला. आवाज चढला होता, त्याला कळत होतं. "आणि तुम्ही या खुर्चीवर बसून असं कोणाच्याही हातात पेन देता? लाज कशी वाटत नाही?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. बाईचा चेहरा लाल झाला. तिने पुस्तक ओढून घेतलं, पेन ओढून घेतलं आणि इतका वेळ न सापडलेला नियम तिला एका मिनिटात सापडला. यादीतल्या दुसऱ्या कोणी समक्ष येऊन लेखी जबाब द्यावा, आठवड्याच्या आत.

"नाही आला कोणी, तर 'दावा सिद्ध नाही' असा शेरा मारून मी फाईल बंद करणार," ती म्हणाली. "आणि तो शेरा तुमच्या पुस्तकात जाईल हं, आजोबा. तो मात्र नक्की जाईल."

टाक सोडला तर बेचाळीसपैकी दोघेच जिवंत होते. एक स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हता. दुसरा ड्रायव्हर.

ड्रायव्हर दोन गल्ल्या पलीकडे मुलाच्या गॅरेजमागच्या खोलीत राहायचा. संघाच्या सभांना दोघेही जात, पण एकमेकांशी बोलून पन्नास वर्षं झाली होती. एक जण बसला की दुसरा समोरची भिंत धरायचा. टाकच्या बायकोला हे सगळं ठाऊक होतं. "जा आता, त्याचेही पाय धरून या," असं ती निघताना म्हणाली. "सगळ्यांशी भांडून झालं, आता तेवढंच राहिलंय." नवऱ्याच्या ताठपणाचा तिला जितका अभिमान होता तितकाच वीट आला होता, आणि त्या दिवशी वीट वरचढ होता.

ड्रायव्हरने बस म्हटलं नाही. तो टायरच्या नळीला ठिगळ लावत होता. टाकने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ड्रायव्हरने ठिगळावरून अंगठा फिरवला, हवा भरली, नळी पाण्याच्या घमेल्यात दाबून धरली आणि बुडबुडे येतात का ते निवांत बघितलं.

"तू पुलावर होतास," तो शेवटी म्हणाला. "स्ट्रेचरचं पुढचं टोक तुझ्याकडे, मागचं माझ्याकडे. मला माझे पाय दिसत नव्हते, तू डावा-उजवा मोजून देत होतास. अकरा दिवस. मी विसरलेलो नाही."

"मग एवढंच लिहून दे."

"नाही देणार."

टाकला कारण विचारायची गरज नव्हती. युद्धानंतर दोन वर्षांनी ड्रायव्हरने दारू पिऊन ट्रक दरीत घातला होता. माणूस कोणी दगावलं नाही, ट्रक गेला. त्या रात्री तो टाकच्या टेबलाशी येऊन रडला होता. साहेब बदलून चाललेत, नवीन येईपर्यंत थांब, नोंद मागे पडली की विसरली जाईल, बढती तोंडावर आली आहे. टाकने सकाळी लाल शाईने नोंद केली. बढती गेली ती गेलीच.

"तू तेव्हा काय म्हणालास?" ड्रायव्हर म्हणाला. "जे झालं ते पुस्तकात आलंच पाहिजे, असं म्हणालास. बरं. तुझं पदक पुस्तकात नाही. म्हणजे झालंच नाही. तुझाच कायदा आहे, मी कुठे नवा काढला?"

टाकला त्याचा मनापासून राग आला. ड्रायव्हर उठला. ओले हात त्याने पँटला पुसले आणि तो अगदी जवळ येऊन उभा राहिला.

"एक कर. ते लिहायला नको होतं, एवढं म्हण. इथे कोणी ऐकत नाही. म्हण, आणि मी आत्ता चप्पल घालून तुझ्याबरोबर निघतो."

केवढंसं वाक्य होतं. बायकोने ऐकलं असतं तर तिने त्याच्या वतीने दहादा म्हटलं असतं. टाकने तोंड उघडलंसुद्धा. पण त्याला तो ट्रक दिसला, चारी चाकं वर केलेला, आणि टेबलावरची लाल दौत दिसली.

"लिहायला हवं होतं," तो म्हणाला. "आजही लिहीन."

"मग मर," ड्रायव्हर म्हणाला आणि नळीकडे वळला.

आठवडा संपला. शेरा पुस्तकात गेला. बाईने त्याची प्रत घरी पाठवली, न विसरता.

स्मृतिदिनाच्या सकाळी बायको कोटावर पदकं लावायला बसली. दोनच होती. तिने ती शेजारी शेजारी धरून बघितली आणि पिन उघडली. टाक म्हणाला, पहिलं त्याच्या जागी लाव, तिसरं त्याच्या जागी.

"आणि मधे असं भगदाड?" ती म्हणाली. "दात पडल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

तिला बोलायचं होतं बरंच. पण कोटाच्या त्या जागी कापड काळंभोर होतं, पदकाखाली ऊन न लागल्यामुळे, आणि पिनेची दोन भोकं होती. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि सांगितलं तसं लावलं.

मैदानावर चिटणीस रांगेतून प्रत्येकाची छाती तपासत आला. टाकपाशी थांबला. ही पदकं जवळ सरकवून घ्या, बरं दिसत नाही, असं त्याने सांगितलं. टाकने विचारलं, मोकळ्या जागेबद्दल नियमात काय लिहिलंय? चिटणीसाने हातातला कागद खालीवर बघितला. त्यात मोकळ्या जागेबद्दल काही नव्हतं. तो चडफडत पुढे गेला.

रांग उंचीप्रमाणे लागली होती, त्यामुळे शेजारी नेमका ड्रायव्हर आला. त्याच्या छातीवर तिन्ही पदकं होती, मधलं पुलाचं. त्याने एकदाच डोळे फिरवले. टाकच्या कोटावरचा तो काळा चौकोन त्याने बघितला आणि मान समोर केली.

बँड सुरू झाला, रांग निघाली. दहा पावलांत ड्रायव्हरचं पाऊल चुकलं. त्याने ते जुळवायला बघितलं, पुन्हा चुकलं, मागच्याचा बूट त्याच्या टाचेवर बसला. चिटणीस बाजूने ओरडला. लोक बघत होते.

टाकने समोरच बघत, ओठ न हलवता म्हटलं, "डावा. उजवा. डावा."

ड्रायव्हरने मान वळवली नाही. पाऊल मात्र त्या मोजणीवर पडायला लागलं, आणि मैदानाच्या टोकापर्यंत टाक मोजत राहिला.