पावट्यातला दोर्कोन

अरिस्तानाक्स बारा वर्षं इटलीत शिकून परत आला, तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत पोचली होती, अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रं होती आणि तो गावात कोणालाही ओळखत नव्हता. मलासुद्धा नाही. हा लहानपणी आमच्या दारात खेळायचा. याचं नाक मी माझ्या शालीच्या टोकाने पुसलेलं आहे. याच्या बापाने सगळ्या बेटाला कांदे विकले, पण आता कांदा दिसला की हा मान वळवायचा.

बाजाराच्या कोपऱ्यावर चिनाराखाली माझी चूल आहे. तिथे मी पावट्याचं कढण विकते, दाट, वर ऑलिव्हचं तेल आणि सोबत जवाची भाकरी. ती जागा आधी माझ्या सासूची होती. अरिस्तानाक्सने आपली शाळा काढली ती नेमकी समोरच्या खांबांच्या ओसरीत. तो शिकवायचा की आत्मा मरत नाही, एका देहातून दुसऱ्या देहात जातो. तो स्वतः मागच्या जन्मांत एकदा राजा होता, एकदा सेनापती आणि एकदा मोर. कांदे विकणारा एकाही जन्मात नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

तोपर्यंत आमचं काही बिनसलं नव्हतं. मग त्याने शिष्यांना आकाशातल्या ताऱ्यांचं संगीत ऐकायला शिकवायला घेतलं. त्यासाठी म्हणे पूर्ण शांतता लागते. आता माझं गिऱ्हाईक म्हणजे हमाल, कोळी आणि कुंभार. ते मोठ्याने बोलतात, मोठ्याने हसतात आणि पावटे खाल्ल्यावर जे होतं तेही मोठ्यानेच होतं. डोळे मिटून बसलेल्या शिष्यांना तारे ऐकू येईनात, हमाल ऐकू यायचे.

एक दिवस त्याचा पट्टशिष्य लिकोस माझ्याकडे आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, तेलाच्या घाण्याचा मालक. घाणा बायकोवर टाकून हा तारे ऐकायला यायचा.

"मेलित्ताताई, गुरुजी म्हणतात, चूल जरा पलीकडे न्या."

"किती पलीकडे?"

"बंदरापर्यंत म्हणाले."

"गुरुजींना सांग, चूल सासूची आहे, ती हलायची नाही. तारे हलत असतील तर बघा."

लिकोसने हे जसंच्या तसं जाऊन सांगितलं असणार, कारण त्याला स्वतःचं असं काही सुचत नाही. आठ दिवसांनी ओसरीतून नवीन शिकवण बाहेर पडली. मेलेल्यांचे आत्मे पाताळातून वर येतात ते पावट्याच्या रोपातून. त्याचा देठ आतून पोकळ असतो, पेरं नसतात, त्यामुळे चढायला सोपं. वर आले की ते शेंगेत थांबतात. म्हणून पावटा खाणं म्हणजे आपल्याच आजोबांना चावणं.

त्याने पुरावाही दिला. पावटा चावून उन्हात ठेवला की त्याला रक्ताचा वास येतो म्हणे. चार दिवस ओसरीच्या पायरीवर चावलेले पावटे पडले होते आणि वास आलाही. चार दिवस उन्हात लिकोसला ठेवलं असतं तरी आला असता.

पण आमच्या गावाची एक खोड आहे. नवीन विचार आला की तो नव्या चपलेसारखा घालून बघायचा, चावेपर्यंत. आधी बड्या घरच्यांनी पावटे सोडले, मग त्यांच्या नोकरांनी. कुंभार जरा टिकले. हमाल शेवटपर्यंत येत होते, पण तेही घास घेण्याआधी वाटीत बघून पुटपुटायचे, "आजोबा, राग मानू नका."

मी तरीही चूल हलवली नाही. तेव्हा गुरुजी स्वतः आले.

"मेलित्ताबाई," त्याने विचारलं, "तुमचे यजमान कुठे पुरलेत?"

सगळ्या गावाला ठाऊक आहे ते. माझा दोर्कोन समुद्रातून विळ्याने स्पंज कापून काढायचा. त्या वेळेच्या चार वर्षं आधी टोकाच्या खडकापाशी त्याने बुडी मारली आणि तो वर आलाच नाही. दोरी आली, तिला बांधलेला विळा आला, दोर्कोन आला नाही.

"समुद्रात," मी म्हटलं.

"म्हणजे विधी नाही, थडगं नाही. असा आत्मा जमीन शोधत फिरतो. त्याला वर यायला एकच जिना." त्याने माझ्या हंड्याकडे बोट केलं. "ढवळताना जरा जपून."

एवढं बोलून वस्त्र सावरत तो निघून गेला. त्याला मला फक्त तिथून उठवायचं होतं, हे मला कळत होतं. कळूनही माझा हात हंड्यावरच थांबला. त्या दिवशी मी कढण ओतून दिलं आणि घरी जाऊन पावट्यांचं पोतं उघडून बसले.

मृतांच्या सणाला गावातल्या बायका दूध आणि मध घेऊन थडग्यांवर जातात. पुसतात, फुलं वाहतात, सुनेची गाऱ्हाणी सांगतात, हलक्या होऊन येतात. मी खडकावर उभी राहून दूध समुद्रात ओतायची. ते पाण्याला लागायच्या आत वारा अर्धं माझ्याच अंगावर आणायचा. समुद्राशी काय बोलणार? तो ऐकत नाही, आणि तो दोर्कोनचा मारेकरी आहे.

पोत्यात एक पावटा होता, त्याच्या डोळ्याशेजारी काळा ठिपका. दोर्कोनच्या भुवईपाशी अगदी तसाच तीळ होता. मी तो बाजूला काढला. मग त्याला एकटं वाटू नये म्हणून आणखी मूठभर काढले आणि मातीच्या वाडग्यात ठेवले. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी त्या वाडग्याशी बोलायला लागले. छपराचं कौल फुटलं ते सांगितलं. त्याच्या भावाने होडी विकली तेही सांगितलं. एकदा चिडून, दोरी कमरेला नीट का बांधली नाहीस, हेही विचारून घेतलं. चार वर्षं ते घशात अडकलं होतं.

म्हणून मी पावटे शिजवायचे सोडले आणि मसूर विकायला लागले. मसूर कोणी बाजारात विकत घेऊन खात नाही, तो घरीच असतो. धंदा बसला. गिऱ्हाइकांचा गलबला थांबला, समोर गुरुजींना तारे खणखणीत ऐकू यायला लागले. मी अरिस्तानाक्सचा रोज सकाळी मनातल्या मनात उद्धार करायची आणि रोज संध्याकाळी मनातल्या मनात त्याचे आभार मानायची. माझा नवरा घरी आला होता.

असं दीड वर्ष गेलं आणि कारभारी निवडायचे दिवस आले.

आमच्या गावात कारभारी भाषणांवर ठरत नाही. जितके इच्छुक तितके पावटे गाडग्यात टाकतात, त्यातला एकच पांढरा, बाकी काळे. प्रत्येकाने भर बाजारात हात घालून एक काढायचा. पांढरा आला तो वर्षभर कारभारी. त्याला सरकारी पंगतीत जेवण, नाटकाला पहिल्या रांगेत जागा आणि पुढेमागे दगडावर नाव. निवड देव करतो, पावटा फक्त निरोप आणतो, असं आम्ही मानतो.

अरिस्तानाक्सने इच्छुकांत नाव दिलं, तेव्हा गावाला आधी काही खटकलं नाही. खटकलं ते म्हाताऱ्या फानियासला. तो दवंडीवाला, गाडगं त्याच्याच ताब्यात असतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "गाडग्यात काय असतं ते ठाऊक आहे ना?"

लिकोसने सुचवलं की यंदा खडे वापरावेत. फानियास म्हणाला, "देवाला खड्यांची सवय नाही." मग लिकोस म्हणाला, गुरुजींच्या वतीने मी हात घालतो. फानियासने विचारलं, "म्हणजे कारभारी तू होणार?" लिकोसला क्षणभर ती कल्पना बरी वाटली असावी, कारण गुरुजींनी त्याला लगेच मागे ओढलं. पुढचे सात दिवस ओसरीत बंद पडद्याआड चर्चा चालली. तारे कोणी ऐकले नाहीत.

निवडीच्या सकाळी अख्खा गाव बाजारात होता. बायकांना त्यात हात घालता येत नाही, पण माझी चूल गाडग्यापासून दहा पावलांवर असल्यामुळे मला सगळं दिसत होतं. अरिस्तानाक्सची पाळी आली. तो गाडग्यापाशी थांबला, दाढीवरून हात फिरवला आणि वळून लोकांसमोर बोलायला लागला.

"मित्रहो, चिंतन थांबत नाही. आत्मा ओलाव्यात राहतो. शेंग वाळली, दाणा कडक झाला, की चाळिसाव्या दिवशी आत्मा निघून जातो. वाळलेल्या पावट्यात कोणीही नसतं."

मागून एक हमाल म्हणाला, "अहो, पण कढण तर वाळलेल्याचंच करतात."

"अर्थात," अरिस्तानाक्स म्हणाला. "मी कढणाविरुद्ध कधी बोललो?"

सगळा बाजार माझ्याकडे वळला. कोणी हसत होतं, कोणी टाळ्या वाजवत होतं. मला माझा धंदा परत मिळाला होता. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली ते एका वाक्यात झालं होतं, आणि मी हातात पळी धरून तशीच उभी होते. माझ्या मनात एवढंच आलं की वाडग्यातले पावटे चाळीस दिवसांपेक्षा जुने आहेत. पोत्यात आले तेव्हाच जुने होते.

अरिस्तानाक्सने डोळे मिटले, गाडग्यात हात घातला, बराच वेळ घालवला आणि मूठ बाहेर काढली. फानियासने ती उघडायला लावली.

"काळा," फानियास म्हणाला. "पुढचा."

त्या वर्षी पांढरा पावटा गेला एका कातडी कमावणाऱ्याकडे. त्याच्या जवळ उभं राहवत नाही, पण माणूस सज्जन आहे.

मी भर दुपारी चूल विझवून घरी गेले. वाडगा पुढ्यात घेतला. बोलायला तोंड उघडलं आणि काही सुचेना. काल ज्याला छपराचं सांगितलं होतं तो आज नुसता पावटा होता. पहिल्या वेळी, तो बुडाला तेव्हा, निदान गावाने माझ्यासोबत रडून घेतलं होतं. या वेळी लोक टाळ्या वाजवत होते. मी एकटीच रडले, पोटभर.

मग उठले. ऊन उतरायच्या आत वाडगा, दूध आणि मध घेऊन टोकाच्या खडकावरच्या उतारावर गेले. घरापासून दूर मेलेल्या माणसाला आमच्याकडे तीन वेळा नाव घेऊन हाक मारतात, म्हणजे तो घरी येतो. साडेपाच वर्षांत मी ते केलं नव्हतं, कारण हाक मारून त्याला बोलवायचं कुठे, ते माहीत नव्हतं. विळ्याने, त्याच्याच विळ्याने, हातभर खड्डा केला, वाडगा त्यात रिकामा केला, ठिपक्याचा पावटा मधोमध ठेवला. तीन हाका मारल्या. दूध आणि मध ओतलं आणि माती लोटून वर दगड ठेवला. वारा होता, पण या वेळी दूध अंगावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावट्यांचा हंडा चढवला. रांग थेट ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. लोकांना दीड वर्षाची भूक होती, आणि जे मोठ्याने होतं ते गुरुजींच्या पायरीवरच व्हायला लागलं. रांगेत लिकोसही होता, दोन वाट्या घेऊन. दुसरी बायकोसाठी म्हणाला.

थोड्या वेळाने अरिस्तानाक्स रांग मोडून पुढे आला.

"मेलित्ताबाई, कालच्या प्रकारावर मी फेरविचार केला. गाडग्यात माझ्या हाताखाली पांढरा होता, तो सरकला. निर्जीव वस्तू सरकत नाही. तेव्हा वाळलेल्यातही ते असतात, हे सिद्ध झालं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचे यजमान परत आले असं समजा. चूल मात्र हलवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं पळीच हाणावी. पण मी वाटी भरली, वर तेल सोडलं आणि त्याच्यापुढे धरली.

"अरिस्ता, हे घे. आत कोणी नाही असं तुझं म्हणणं असेल तर खा. कोणी आहे असं म्हणणं असेल तर खाऊ नको, आणि मी आत्ताच्या आत्ता बंदरावर जाते. पण आज काय ते ठरव. माझा माणूस रोज आत-बाहेर करणार नाही."

अरिस्तानाक्सने वाटीकडे पाहिलं, शिष्यांकडे पाहिलं, बंदराच्या दिशेलाही पाहिलं. वाटीतून वाफ येत होती. त्याने ती हातात घेतली, तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली.

"विषय गुंतागुंतीचा आहे," तो म्हणाला आणि ओसरीत निघून गेला.

म्हणून मी चूल तिथेच ठेवली. ती वाटी हमालाने खाल्ली.

वसंतात उतारावर मूठभर रोपं आली, हिरवीगार, पांढऱ्या फुलांना काळा डोळा असलेली. त्यांच्या शेंगा मी तोडत नाही. मृतांच्या सणाला तिथे जाऊन बसते, छपराचं सांगते, दिराचं सांगते. बाकीच्या पावट्यांत कोण असतं ते मला ठाऊक नाही, कढण मात्र छान होतं.

अरिस्तानाक्स संध्याकाळी फिरायला त्याच वाटेने जातो. त्याच्या शाळेत आता शिकवतात की सगळं पाण्यापासून झालं आहे आणि आत्मा ही कविकल्पना आहे. पण रोपांपाशी आला की तो आधी मागे-पुढे बघतो, मग वस्त्र गुडघ्यापर्यंत उचलतो आणि एकाही पानाला न लागता लांबून वळसा घालून जातो. आपल्याला कोणी पाहिलं नाही, असं त्याला वाटतं.