माशांच्या शेवया

मित्रांनो, नाक मुरडणार असाल तर आत्ताच मुरडून घ्या. मी शेवयांचा जुना लोखंडी साचा आहे आणि यंदाच्या पावसाळ्यापासून माझ्या चकतीतून अळ्यांच्या शेवया पडत आहेत. होय, अळ्यांच्या! त्या कुणी खायच्या ते सांगतो, पण मध्येच उठून जाऊ नका. लोक माझं अर्धंच ऐकतात आणि आपलं आपण ठरवून मोकळे होतात, याचाच मला वैताग आला आहे.

माझा जन्म नाशिकच्या एका कारखान्यातला. जव्हारजवळच्या जामसर गावातल्या एका पाड्यावरच्या रखमीने मला बाजारातून घरी आणलं. तेव्हा पाड्यात दुसरा साचा नव्हता. लग्न ठरलं की बाया मला मागायला येत, फळीला आवळत, तांदळाच्या उकडीचे गोळे माझ्या तोंडात भरत आणि गाणी म्हणत हँडल फिरवत. काय तो मान! रखमी मला पदराने पुसून ठेवायची. मग जव्हारच्या दुकानांत तयार शेवयांची पाकिटं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. गंज चढला, जाळी झाली, आणि माझी आठवण कुणालाच राहिली नाही.

मला खाली काढलं ते रखमीच्या सुनेने, कोंडीने. आमच्याकडे दिवाळी झाली की कितीतरी घरांना कुलपं लागतात आणि माणसं वीटभट्टीवर जातात. कोंडी आणि तिचा नवरा तुकाही दरवर्षी जात. त्यांच्याबरोबर त्यांची लेक हर्षालीही जाई, आणि तिची शाळा मध्येच तुटे. यंदा काही झालं तरी भट्टीवर जायचं नाही, अशी कोंडीने मनाशी खूणगाठ बांधली होती. शेतातल्या तळ्यात पावसाचं पाणी भरलं होतं आणि त्यात रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं सोडली होती. माघापर्यंत ती बाजारात नेण्याएवढी झाली, तर घरीच राहता येणार होतं. घोडं अडलं होतं ते खाद्यावर.

दुकानातलं खाद्य परवडेना. शिवाय ते असतं कशाचं? समुद्रातली बारकी मासळी वाळवून तिचा केलेला भुगा त्यात घालतात. म्हणजे तळ्यातला मासा पोसायला समुद्रातला मासा मारायचा. वा रे शहाणपण! मत्स्यपालन शिकवायला गावात येणाऱ्या सुनिताताईंनी दुसरी वाट दाखवली. काळी सैनिक माशी नावाची एक माशी असते. ती चावत नाही, आपल्या ताटावर घोंघावत नाही. तिच्या अळ्या सडका फणस, शिळा भात, भाजीचा पाला खाऊन टम्म फुगतात, आणि माशांना वाढायला लागतं ते प्रोटीन त्यांच्यात भरपूर असतं.

कोंडीने अंगणात अळ्यांचा ड्रम ठेवला. शेजारी जुनी मच्छरदाणी बांधून तिच्यात अंडी घालायला माश्या ठेवल्या. अळ्या भाजल्या, दळल्या, भाताच्या कोंड्यात मळल्या आणि तो गोळा माझ्या तोंडात कोंबला. शी! लग्नाच्या पंगती पाहिलेला मी, आणि माझ्यावर ही पाळी! वर ती पहिली खेप पाण्यात पडताच विरघळून गेली. मग पीठ धरून राहावं म्हणून कोंडीने नागलीची, म्हणजे नाचणीची, दाट पेज शिजवून त्यात घातली, शेवया उन्हात कडक वाळवल्या आणि त्यांचे तुकडे करून तळ्यात टाकले. मासे नुसते तुटून पडले. त्या दिवशी तिने मला तेल चोळलं, आणि मीही माझी शरम गिळली. श्रावण-भाद्रपदात मासे असे वाढले की तुका उगाचच दिवसातून चार वेळा तळ्यावर जाऊन यायचा.

रखमीला मात्र सगळं ओंगळ वाटे. अंगणात किडे पाळतात का कुणी, म्हणून ती कुरकुरायची. कोंडीही तिला समजावत बसली नाही. आयेला काय कळतंय, म्हणून ती विषय सोडून द्यायची. मला तोंड होतं, पण ते शेवयांपुरतं. नाहीतर मीच सांगितलं असतं.

आली दिवाळी. वाघबारशीने आमची दिवाळी सुरू होते, तिच्या आदल्या दिवशी कोंडी आणि तुका भात झोडायला शेतावर गेले होते. रखमीने पहाटेपासून पदर खोचला. घर सारवलं, अंगण सारवलं. सण तोंडावर आलेला, अन् दारात घाण कशी ठेवायची? म्हणून ड्रम उपडा करून त्यातल्या अळ्यांवर चुना आणि कढत पाणी ओतलं. बियाण्यासाठी राखलेल्या अळ्याही त्यातच होत्या. मच्छरदाणी सोडून धुतली आणि कुंपणावर वाळत घातली. माश्या केव्हाच उडून गेल्या होत्या. ओट्यावरून मी हे सगळं बघत होतो, आणि मला कपाळ असतं तर मी ते बडवून घेतलं असतं.

संध्याकाळी रखमीने मोठ्या हौसेने सुनेला चकाचक अंगण दाखवलं. कोंडी ओरडली नाही. पांढऱ्याफटक ड्रमाशी खाली बसली आणि म्हणाली,

"आये, त्याच्यावर मी यंदा घरी राहणार होते."

म्हातारीला तेव्हा कळलं. तिने तोंडावर हात धरला.

सुनिताताईंनी नवी अंडी आणून दिली. पण जव्हारची थंडी पडली होती. अळ्या निघाल्या त्या मोजक्या, आणि वाढता वाढेनात. नुसत्या कोंड्यावर मासे जगले, पण अंगाला लागेना. इतक्यात भट्टीवर मजूर नेणाऱ्या मुकादमाचा टेम्पो दारात आला. तुका बोचकं घेऊन चढला. कोंडीने हर्षालीचा हात धरला, तशी रखमी मध्ये आली.

"पोर नाय जाणार. तिची शाळा हाय. तिला मी बघीन, तळं बी बघीन."

कोंडीने हात सोडला आणि टेम्पोत चढली.

नंतर गावोगावचे लोक तळं बघायला आले. मासे बारके पाहून, अळ्यांचं खाद्य काही कामाचं नाही, असं म्हणून परत गेले. झालं! चुन्याने केलेल्या घाताचं खापर अळ्यांवर आणि माझ्यावर. कुणी एक प्रश्न विचारला असेल तर शपथ!

आता थंडी ओसरली आहे. ड्रम अळ्यांनी भरला आहे. रखमी नाकाला पदर न लावता त्या दळते, माझं हँडल फिरवते आणि रोज तळ्यावर जाते. मासे पुन्हा तुटून पडताहेत. पण तळ्याचं पाणी रोज खाली चाललं आहे. ते शिमग्यापर्यंत टिकणार नाही, म्हणजे मासे बारकेच काढावे लागतील, आणि कोंडी भट्टीवरून येईल ती शिमग्यालाच.

म्हणून हात जोडून नाही, चिडूनच सांगतो, मित्रांनो. दुसऱ्याचं काम तुम्हाला घाण दिसलं, तर झाडू उचलण्याआधी त्याला विचारा. आणि काम तुमचं असेल, तर घरातल्या म्हातारीला शेजारी बसवून नीट सांगा. तिला कळतं. आमच्या घरात ते दिवाळीच्या आधी कुणी केलं नाही, म्हणून कोंडी आज विटा थापते आहे.