आन्नाच्या नावातलं उलटं अक्षर

आमच्या हानाऊ गावात सोनार नि पदकं घडवणारे गल्लोगल्ली होते, पण चेहरा उठवावा तो माझे मास्तर कॉनराड ट्राउट यांनीच. मोठे पुतळे त्यांनी दोनच केले. त्यांचा जीव तळहाताएवढ्या पदकांत. मेणात ते चेहरा घडवत, मी त्यावर प्लास्टर ओतून खोलगट साचा काढायचो आणि साच्यात नाव कोरायचो. साच्यात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती पदकावर सुलटी उठतात.

मला वाचता येत नव्हतं. आमच्याकडे शेंबडी पोरंसुद्धा वाचतात, म्हणून हे मी अकरा वर्षं लपवलं. मास्तर पातळ कागदावर नाव काढून देत. मी कागद पालथा घालून मागून दिसणाऱ्या रेघा तशाच उतरवायचो. वाचणाऱ्यांचा हात उलट्या अक्षरांत अडखळतो, माझा अडखळत नसे. मास्तर लोकांना सांगत, "आमच्या वेंडेलसारखी अक्षरं फ्रँकफुर्टातही कुणी कोरत नाही." मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटे.

त्या वर्षी पाववाल्या लोट्झबाईंची एकोणीस वर्षांची आन्ना फुप्फुसाच्या दुखण्यानं गेली. मास्तरांनी तिचा चेहरा केला, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यासकट, आणि लगेच स्वतःच तापानं अंथरुणाला खिळले.

मी नाव कोरायला बसलो तेव्हा दार उघडलं नि वाऱ्यानं कागद खाली पडला. उचलला, तर वरची बाजू कुठली कळेना. शाई दोन्हीकडून सारखी दिसत होती. एरवी पहिलं अक्षर कुठल्या टोकाला आहे त्यावरून मी ओळखायचो. पण आन्ना हे नाव आमच्या लिपीत दोन्ही टोकांकडून सारखंच; मधली दोन 'एन' तेवढी सांगतात, दोन उभ्या काठ्यांमधली तिरकी रेघ कुठून कुठे उतरते ते. वर मास्तरांकडे जायला दहाच पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. अंदाजानं कोरलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "नीट वाचून पाहिलंस ना?"

"वाचलं, मास्तर."

पदक भट्टीतून धातूत ओतून आलं तेव्हा मास्तर नुकते उठून बसायला लागले होते. लोट्झबाई काळी शाल पांघरून आल्या. फडकं उलगडलं, लेकीच्या गालावरून बोट फिरवलं आणि नावावर थांबल्या.

"हे काय? माझ्या पोरीचं नावही धड लिहिता आलं नाही तुम्हाला?"

मास्तरांनी पदक डोळ्यांजवळ नेलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, नेहमीसारखी.

"माझे डोळे अधू झालेत, बाई," ते म्हणाले. "चूक माझीच. दुसरं करून देतो."

"हिला दुसऱ्यांदा आगीत घालू नका," म्हणून त्या पदक घेऊन निघून गेल्या.

त्यांच्या पावाच्या दुकानातून गोष्ट गावभर झाली. म्हातारा आंधळा झाला म्हणे. तीन महिन्यांत एक माणूस काम घेऊन फिरकला नाही. मास्तर रोज मेण मळून ठेवत नि तसंच झाकून टाकत.

शेवटी एका शनिवारी मी म्हणालो, "मास्तर, मला वाचता येत नाही."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "ते त्या दिवशी कळलंच. पण बाईसमोर गप्प का बसलास?"



मी तसाच पाववालीकडे गेलो. शनिवारची रांग दारापर्यंत. मी पुढे होऊन हळूच सगळं सांगितलं. लोट्झबाईंचे हात पिठानं माखलेले, चेहरा दगडासारखा.

"मी ट्राउटांना आंधळा म्हटलं ते या दुकानात, मोठ्यानं. तुम्ही का कुजबुजताय?"

मी रांगेकडे वळलो. "मास्तरांचे डोळे ठणठणीत आहेत. ती अक्षरं मी कोरली. मला वाचता येत नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून एक काकू म्हणाली, "एवढा बाप्या झालाय, नि बाराखडी नाही येत?"

लोट्झबाईंनी फळीवरून पदक उतरवलं, माझं बोट धरून त्या उलट्या तिरक्या रेघेवर ठेवलं. "ही हवी होती वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आता तरी विसरू नका." मग माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

मला पहिलं आलेलं अक्षर ते. ते लिहिताना मी अजूनही क्षणभर थांबतो.