पोळ्याच्या दिवशीची मोजणी

धुळ्याबाहेर हायवेला बैलगाड्या-सायकलींसाठी कडेने वेगळा रस्ता द्यावा का, हे ठरवायला इंजिनिअरसाहेब वाहनं मोजायला आले, ते नेमके पोळ्याला.

दुपारपर्यंत ट्रकच ट्रक. साहेब म्हणाले, "बैलगाडी एक नाही. मग रस्ता कोणासाठी?"

गावातल्या वना आबांची बैलगाडी ट्रकने दोनदा खड्ड्यात घातली होती. ते म्हणाले, "साहेब, आज पोया शे! आज बैलस्ले कोन जुपस?"

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, हे साहेबांना पटेना. संध्याकाळी ते निघाले, तर रंगवलेल्या शिंगांची मिरवणूक मारुतीला जायला हायवेवर चढली. ट्रक, एसटी, साहेबांची जीप, बठ्ठं थांबलं.

"आबा, रस्त्याची शिफारस करतो, आधी बैल हटवा!"

"आधी लिहा. घाई तुम्हाले शे, आमना तर सण शे."

साहेबांनी हसत बॉनेटवरच शिफारस लिहिली. बैलांबरोबर त्यांनाही गुलाल लागला.