तुपाच्या रंगाचं कपाट

त्या दिवशी सकाळी माझं दार द्वारकाबाईंनी उघडलं नाही. शेजारच्या मुक्ताबाईंनी उघडलं आणि त्या आत इकडेतिकडे बघत राहिल्या.

"भावजी, तूप कुठे ठेवायची हो द्वारका?"

श्यामसुंदरराव दारात उभे होते. "असेल तिथेच कुठेतरी. वरच्या कप्प्यात बघा."

तूप वरच्या कप्प्यात नव्हतं. ते कधीच तिथे नसायचं. खालच्या कप्प्यात डाव्या कोपऱ्यात चिनी मातीची बरणी होती. मुक्ताबाईंना ती सापडली. बाहेर कुणीतरी थोडंसंच पुरे म्हणत होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू दे सगळंच. अंगाला लावायला लागतं, चितेवरही लागतं."

द्वारकाबाई दवाखान्यातून परत येणार नाहीत, हे मला असं कळलं. बरणी गेली ती परत आली नाही. तिच्या जागी लाकडावर तुपाचं गोल कडं तेवढं राहिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी फ्रीज असेल. म्हणून सांगतो, मी जाळीचं कपाट आहे. दूध, दही, लोणी, तूप माझ्या पोटात असायचं. दारांना जाळी एवढ्यासाठी, की वारा आत यावा आणि मांजर येऊ नये. खडकीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात माझं आयुष्य गेलं.

पण मी जन्मलो तो स्वयंपाकघरासाठी नव्हे. बाहेरच्या देशांतला माल आपल्याकडे भराभर येऊ लागला, त्या काळातली गोष्ट. भोसरीच्या एका कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं. मी त्या यंत्राच्या अंगावरचा खोका होतो, पाइनच्या लाकडाचा. यंत्र शेडमध्ये गेलं आणि मी पावसात पडून राहिलो. श्यामसुंदरराव तिथे स्टोअरला होते. साहेबांना विचारून त्यांनी माझ्या फळ्या टेंपोत घालून घरी आणल्या आणि भीमराव सुतारांनी त्यांचं कपाट केलं.

द्वारकाबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या फळीला नाक लावून वास घेतला. "किती गोरं लाकूड आहे!" त्या म्हणाल्या. माझं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

माझ्या एका बाजूला मात्र काळ्या शाईचा छाप होता. एक बाण आणि एक उंच दांडीचा पेला. आत फुटणारी वस्तू आहे, जपून उचला, एवढाच त्याचा अर्थ. श्यामसुंदररावांना तो ठाऊक होता. स्टोअरमध्ये रोज तसले खोके बघण्यातच त्यांचा दिवस जायचा. पण गावाहून त्यांचे मामा आले आणि पानावर बसल्या बसल्या त्यांची नजर माझ्यावर गेली.

"का रे श्यामसुंदर, स्वयंपाकघरात दारूचा पेला? नैवेद्य कशाचा दाखवता मग?"

द्वारकाबाई हसल्या. "अहो मामा, काच आहे, सांभाळा, असं सांगतोय तो."

"खोक्याचं कपाट म्हण की सरळ," मामा म्हणाले.

ताक मागायला आलेल्या मुक्ताबाई दारातूनच बोलल्या, "तुमचा पेला चित्रातला तरी आहे. आमच्याकडे खरा असतो, त्याला कुणी काही म्हणत नाही."

सगळे हसले. श्यामसुंदरराव हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

पुढे द्वारकाबाई लेकीला, चैतालीला घेऊन माहेरी गेल्या, तेव्हा खिडकीच्या गजांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट श्यामसुंदररावांनी माझ्या अंगावर चढवला. पेला गेला, बाण गेला, माझा गोरेपणाही गेला. आतून रंगवायला डबा पुरला नाही, म्हणून आत मी तसाच राहिलो.

द्वारकाबाई आल्या. त्यांनी माझ्या दाराला हात लावला. रंग अजून चिकट होता. हाताकडे बघून त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

पुण्यात 'बरं केलंत'चे दोन अर्थ होतात. श्यामसुंदररावांनी त्यांतला सोयीचा घेतला.

वर्षं गेली. चैताली इंजिनियर झाली, हिंजवडीला कंपनीच्या बसने जाऊ लागली. घरात फ्रीज आला. दूध-दही तिकडे गेलं, तुपाची बरणी माझ्याकडेच राहिली. द्वारकाबाई म्हणायच्या, थंड तूप खरवडून काढायला जिवावर येतं.

एका रविवारी त्या बरणी उचलून खालचा कप्पा पुसत होत्या. मध्येच थांबल्या.

"अहो, इकडे या ना. तुपाने लाकडाला कसा रंग आलाय बघा."

"हं."

"सगळं कपाट असं तुपाच्या रंगाचं असतं ना, तर..."

"हं."

"बघा तरी!"

"बघितलं," श्यामसुंदरराव पेपरामागून म्हणाले.

त्यांनी बघितलं नव्हतं. द्वारकाबाईंनी बरणी पुन्हा जागेवर ठेवली आणि दार लावलं. हा विषय त्यांनी परत काढला नाही.

आणि आता त्या गेल्यावर श्यामसुंदररावांना त्यांचं ते बोलणं आठवलं. कपाट तुपाच्या रंगाचं. वर्षश्राद्धाच्या आत ते करायचंच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मला गॅलरीत आणलं. रंग काढायचं औषध लावलं, पत्र्याने खरवडलं, पॉलिश पेपरने घासलं. हिरव्या रंगाची सालपटं त्यांच्या पायांशी पडत होती आणि माझं अंग उघडं पडत होतं. छापाचा पेलाही पुसटसा वर आला. जिन्यावरून येणारे-जाणारे बघायचे. मला वाटायचं, कुणीतरी निदान चादर टाका. पण श्यामसुंदरराव माझ्यापेक्षा जास्त लाजलेले दिसायचे. कुणी 'काय चाललंय काका?' म्हणून विचारलं, तर 'काही नाही, काही नाही' म्हणून पाठ फिरवायचे.

बाहेरून झाल्यावर त्यांनी माझी दारं उघडली. खालच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात, तेलकट गोल डाग होता. त्यांनी गरम पाण्यात सोडा कालवला आणि तो डाग घासायला घेतला. पहिल्यांदा निघाला नाही. मग पॉलिश पेपर घेतला. फार मन लावून घासत होते. मधूनच पुटपुटत होते, "स्वच्छ करतो हं, अगदी स्वच्छ करतो."

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हा ओरडलो असतो.

पुढच्या रविवारी पॉलिशवाला संपत आला. त्याने रंगाचे नमुने लावलेला प्लायवूडचा तुकडा माझ्या अंगाला टेकवून धरला. चैतालीही घरी होती.

"हे लाकूड तहानलेलं असतं, काका," संपत म्हणाला. "गडद रंग लावाल तर एकीकडे जास्त पिणार, एकीकडे कमी. चट्टे पडतील. मेलामाईन मारू, आरशासारखं चमकेल. नाहीतर लाखेचं पॉलिश. नुसतं जवसाचं तेलही चोळून देतो, पण ते पुढे पिवळं पडत जातं."

"बाबा, लाइट काहीतरी घ्या," चैताली म्हणाली. "आता लोक शोरूममधून मुद्दाम असलं पाइन आणतात. माझ्या टीम लीडच्या घरी सेम आहे."

"मला तुपाच्या रंगाचं हवंय," श्यामसुंदरराव म्हणाले.

संपत हसला. "मग तूपच चोळा की! मुंग्यांची सोय होईल."

चैताली हसली नाही. "आई म्हणाली होती का तसं?"

"हो."

"कुठलं तूप, बाबा? गाईचं पिवळं की म्हशीचं पांढरं? पातळ, की थिजलेलं?"

 श्यामसुंदररावांनी एवढी वर्षं वरणभातावर ते तूप खाल्लं होतं. ते पिवळं होतं की पांढरं, त्यांना सांगता येईना. त्यांनी चैतालीकडे बघितलं. ती म्हणाली, "मलाही नाही सांगता येत. आयतंच वाढलेलं असायचं."

तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. गडबडीने ते खाली बसले, माझं दार उघडलं आणि डाव्या कोपऱ्यावरून हात फिरवला. तिथे लाकूड कोरं, गोरं, गुळगुळीत होतं.

"इथे होता," ते म्हणाले. "ती मला दाखवत होती. इथे होता तो रंग."

"मग गेला कुठे?" चैतालीने विचारलं.

"मीच घासला."

संपतने नमुन्यांचा तुकडा खाली ठेवला. "काका, मी नंतर येतो," म्हणाला आणि चपला घालून गेला. चैतालीने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. ते उठेनात. माझ्या पोटात डोकं घालून बराच वेळ बसून राहिले. त्यांचा श्वास माझ्या फळ्यांना लागत होता.

त्यानंतर त्यांनी मुक्ताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "साईचं तूप हो, घरी कढवलेलं. आधी गवळ्याचं म्हशीचं दूध होतं, मग पिशवीचं. रंग काय एकसारखा राहतोय?" मग श्यामसुंदररावांनी दुकानांतून वेगवेगळी तुपं आणली, मला घडवताना भीमराव सुतारांकडून उरलेल्या फळीच्या तुकड्यावर बोटाने लावून बघितली आणि तुकडा उन्हात धरला. कुठलंच तूप पटलं नाही. पटणार कसं? ज्याच्याशी ताडून बघायचं तो रंग त्यांनी पाहिलाच नव्हता. पाहिला होता मी, आणि मला सांगता येत नाही.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढंच म्हणेन, की घरातलं माणूस 'इकडे या ना, बघा' म्हणालं तर उठून जा. ते काय दाखवतंय ते बघा. काम दोन मिनिटांचंच असतं.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. संपतने दोनदा फोन केला. श्यामसुंदरराव म्हणाले, सध्या नको. मी गॅलरीत आहे, दारं बंद, वर जुनी चादर. मला अजून कुठलंही पॉलिश लागलेलं नाही.