शुभेच्छुक: परदेशी खासदार

प्रितमच्या सुटकेत प्रदीपचा फायदा किती होता, ते आधी पाहू. वस्तीत मतं एकशे बारा. पंचायतीच्या गेल्या निवडणुकीत प्रदीप एकोणचाळीस मतांनी पडला होता आणि ती कुठल्या घरांतून आली नाहीत, हे तो झोपेतही सांगू शकला असता. वस्तीत शब्द चालतो निवृत्तीचा. तेव्हा निवृत्तीचा मुलगा तुरुंगातून सुटावा, आणि जमलं तर प्रदीपमुळे सुटल्यासारखा दिसावा, एवढीच त्याची इच्छा होती. तिला वाईट म्हणता येणार नाही.

प्रितमला उचलून चौदा महिने झाले होते. तो कारखान्यात कंत्राटावर होता. प्रेसखाली एका कामगाराची चार बोटं गेली आणि कंपनीने तो माणूस आमचा नव्हेच असं लिहून दिलं, तेव्हा प्रितमने गेटसमोर माणसं बसवली. दोन आठवड्यांनी पोलिसांनी अकरा जणांना नेलं. कलम असं लावलं की जामिनाचं नाव काढायची सोय नव्हती. कोठडीत मार बसला, त्यात प्रितमचा डावा कान गेला. डॉक्टरच्या कागदावर आलं, पाय घसरून पडला.

वस्तीतल्या लोकांनी निवृत्तीकडे येणं बंद केलं नाही, फक्त कमी केलं. बचत गटाच्या बैठकीला त्याची बायको भागुबाई गेली की बायका सरकून जागा द्यायच्या. जरा जास्तच सरकायच्या. लग्नपत्रिका येत, पण दाराच्या फटीतून.

अशात बातमी आली. कारखान्याचा माल युरोपातल्या ज्या देशात जातो, तिथल्या कामगारांनी आपल्या खासदारांना गाठलं आणि एकतीस खासदारांनी सह्या करून इथल्या सरकारला पत्र धाडलं. त्यात अकराही जणांची नावं होती, कोठडीतली मारहाण होती, सुरूच न झालेला खटला होता. प्रितमचं नाव सातवं. त्याच संध्याकाळी सरकारने सांगितलं, हा आमच्या घरातला मामला आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये. टीव्हीवर दोन दिवस माणसं एकमेकांवर ओरडली. तिसऱ्या दिवशी क्रिकेट होतं.

वकील स्नेहल वडगावहून मुद्दाम घरी आली. तरुण बाई, फायली फार आणि झोप थोडी.

"आबा, एकवीस फेब्रुवारीला सगळ्यांच्या जामिनाची सुनावणी आहे," ती म्हणाली. "या वेळी पहिल्यांदाच कोर्ट ऐकून घेईल असं वाटतंय. पण सरकारला पत्र झोंबलंय. आपल्या पोरांचे बाहेरच्यांशी धागेदोरे आहेत, एवढं दाखवायला सरकारी वकिलाला काहीतरी हवंय. तोवर मुलाखत नाही, सत्कार नाही, व्हॉट्सॲपवरसुद्धा काही नाही. नुसतं गप्प बसायचं."

"आमी चौदा म्हैने दुसरं काय करतोय, मॅडम?" निवृत्ती म्हणाला.

"मग अजून नऊ दिवस."

चौथ्या दिवशी प्रदीप आला. चपला बाहेर काढून आत बसला आणि भागुबाईने दिलेला चहा बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. निवडणूक जवळ आली की वस्तीतल्या चहाला तो नाही म्हणत नसे. पण तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी निवृत्ती-भागुबाईला घेऊन गाडी त्याचीच जायची, चौदा महिने, एकदाही न चुकता. हे त्याच्या जमेला धरलंच पाहिजे.

"आबा, प्रितमचा येक चांगला फोटो द्या," प्रदीप म्हणाला.

"कशापायी?"

"फाट्यावर फ्लेक्स लावतो. परदेशातल्या पार्लमेंटात गावाचं नाव गेलं आन् गावात येक बोर्ड न्हाई. आमच्या पुतण्याला धाव्वीला अठ्ठावन्न टक्के पडलं, तर दोन फ्लेक्स लागलं व्हतं."

"वकीलबाई नगं म्हनल्यात."

"त्या मुलाखत नगं म्हनल्या असतील. फ्लेक्स काय बोलतो व्हय?"

निवृत्तीने बायकोकडे पाहिलं. ती अडवेल अशी त्याची खात्री होती. अंगठा उठवण्याआधी प्रत्येक कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेणारी बाई ती. पण भागुबाई उठली, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून फोटो काढला. आयटीआयच्या निरोप समारंभातला, पांढऱ्या शर्टातला प्रितम.

"पेपरात आला तवा पोलिसांच्या मधी, तोंडावर फडकं टाकलेला," ती म्हणाली. "समदी फाट्यावरनंच जात्यात. येकदा तोंड बघू दे त्यांला."

"अगं, पन बाईंनी बजावून सांगितलंय..."

"तुमी बसा गप. तुमाला तेवढंच जमतं."

निवृत्तीने रिकामी कपबशी उचलली. पुढच्या भेटीला गाडी लागणारच होती.

फ्लेक्स वीस बाय दहाचा झाला. वर लिहिलं, 'सातासमुद्रापार गावाचा डंका'. मधोमध प्रितम, बाजूला हात जोडून प्रदीप, किंचित मोठा. मागे पार्लमेंटची इमारत. ती गौरव फ्लेक्सवाल्याने नेटवरून उतरवली होती आणि भलत्याच देशाची होती, पण फाट्यावर ती कोण ओळखणार?

अडलं ते तळाशी. तिथे गोलगोल चौकटींत शुभेच्छुकांचे चेहरे लागतात, तशी रीतच आहे. प्रदीपने सरपंचापासून दूध डेअरीच्या सेक्रेटरीपर्यंत पंचवीस-तीस जणांना विचारलं. एरवी कुत्र्याच्या वाढदिवसालाही फोटो देणारी ही माणसं. पण पोलीस केसमधल्या पोराखाली चेहरा द्यायला एकही तयार होईना. वस्तीतलेसुद्धा नाहीत.

"तळ मोकळा ठेवून बोर्ड लावायचा व्हय, भाऊ?" गौरवने विचारलं. "मानूस मेल्यासारखं दिसंल."

मग त्या दोघांनी एकतीसपैकी चार खासदारांचे फोटो नेटवर शोधले आणि गोलांत बसवले. खाली ओळ टाकली, 'शुभेच्छुक: मा. परदेशी खासदार मंडळ व प्रदीपभाऊ मित्र परिवार'.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागुबाई फाट्यावर जाऊन उभी राहिली. कुठे जायचं नव्हतं, तरी दोन गाड्या सोडल्या. बचत गटातली एक जण तिथेच भेटली. "भागुबाय, प्वार लय देखनं दिसतंय गं," म्हणाली आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत सोबत आली. संध्याकाळी आणखी दोघी आल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिला चहाचे कप कमी पडले.

हे दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी फ्लेक्स उतरवून मुद्देमाल म्हणून नेला.

एकवीस तारखेला सरकारी वकिलाने फ्लेक्सचा रंगीत फोटो कोर्टात दिला. "न्यायालयाने तळाची ओळ वाचावी," तो म्हणाला. "परदेशी खासदारांचं मंडळ आणि स्थानिक मंडळी मिळून या आरोपीसाठी मोहीम चालवत आहेत. चौकशीला वेळ हवा."

"साहेब, आमच्याकडे फ्लेक्सवर कुणाचाही फोटो लावतात," स्नेहल म्हणाली. "ज्याचा असतो त्याला पत्ताही नसतो."

न्यायाधीशांच्या ओठांवर हसू येऊन गेलं. त्यांच्याही गावात फाटा असणार. पण 'परदेशी खासदार मंडळ' हे शब्द आता कागदावर होते आणि कागदावरच्या शब्दांकडे हसून बघता येत नाही. दहा जणांना जामीन मिळाला. फ्लेक्सवरच्याचा अर्ज चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवला.

बाहेर स्नेहलने विचारलं, "फोटो कुणी दिला?"

"मीच," निवृत्ती म्हणाला.

"खोटं बोलत्यात ते. मी दिला," भागुबाई म्हणाली.

स्नेहल रागावली नाही. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. "पुढची तारीख ऑगस्टात," ती म्हणाली आणि दुसरी फाईल काढली.

आता कुणाचं काय झालं ते सांगून टाकू. एकतीस खासदारांनी अकरांतल्या दहा सुटकांबद्दल समाधानाचं निवेदन काढलं आणि उरलेल्याबद्दल चिंता कळवली. सरकारला, आम्ही बाहेरच्यांचं ऐकत नाही, हे दाखवायला एक माणूस शिल्लक राहिला. प्रदीपला पोलिसांनी दोनदा बोलावलं. यातल्या एकाही खासदाराला मी ओळखत नाही असं त्याने लिहून दिलं. एवढं होऊनही वस्तीची बरीचशी मतं त्याला पडतील असा रंग आहे, कारण त्या पोराशेजारी स्वतःचा चेहरा लावणारा गावात तो एकटाच निघाला. भागुबाईच्या वाट्याला दोन दिवस आले. ज्यांनी फोटो दिले नाहीत त्यांचं काहीच गेलं नाही. फेब्रुवारी ते ऑगस्ट, सहा महिने, ते प्रितमने भरले.